नुसती हाक

दोन बेचाळीसला लाइट गेली.
जनरेटरनं दोनदा खोकून पाहिलं, मग तोही गप.
मे महिना, गोरेवाड्याची ती खोली.
कूलरची खस वाळत जाताना
करकर आवाज करते,
हे त्या अंधारात पहिल्यांदा कळलं.

लाइट आली. मशीन उठलं.
सगळ्यात आधी, नेहमीसारखा, क्रमांक एक.
तो बाकीच्यांना उठवत जातो,
घड्याळवाला, नोंदी लिहिणारा, नेटवर्क,
आणि बऱ्याच उशिरा माझा तो,
जो दाभा, हजारीपहाड, गिट्टीखदान,
झिंगाबाई टाकळीचे व्हॉल्व्ह उघडतो.

नवं वेळापत्रक येतं मुख्य कचेरीतून,
नेटवर्क उठल्यावर, रखडत.
तोवर हा जुनंच वाचून बसलेला असतो.
म्हणून मी दोन ओळी लिहून ठेवलेल्या:
फाइल उतरली की त्याला हाक मार.

हुकमाचं नाव किल.
पहिल्या आठवड्यात माझं बोट थरथरलेलं
तेव्हा निनावे सर म्हणाले होते,
भेतं कायले वं,
आपण चक्कर मारतो, मिठी मारतो,
पाट्यावर बसून गप्पा मारतो,
मरते का कोणी?
हप म्हणजे नुसती हाक.
कधीकाळी त्याचा अर्थ होता,
पलीकडून कोणीतरी फोन ठेवला.
आता त्याचा अर्थ,
उठू नको, हातातलं सोडू नको,
फक्त कागद पुन्हा वाच.

एरवी रखडणारी फाइल
त्या रात्री झपकन उतरली.
अख्खं शहर उकाड्यात गच्चीवर पडलेलं,
लाइन मोकळी.
हाक गेली.
पडद्यावर एकच शब्द, हँगअप,
आणि खाली लुकलुकणारी रेघ.

मेला.
चूक नाही, तक्रार नाही, नोंद नाही.
पुन्हा उठवला, पुन्हा मेला.
माझ्याच दोन ओळी
दर वेळी त्याच्या आधी पोचत होत्या.

तीन वाजता सरांना फोन लावला.
झोपेतला आवाज, मागे पंखा.
सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले,
त्याले कान आले होते का?
नाही ना?
मग जो ऐकायले शिकलाच नाही
त्याच्यासाठी हाक म्हणजे मारच होते, बाप्पा.
आणि फोन ठेवला.

मी त्याचं पोट उघडून पाहिलं.
ऐकण्याची ओळ एकशे बारावी होती.
त्याच्या आधी तो टाक्या मोजत होता,
रंग ठरवत होता, स्वतःचं नाव छापत होता.
ती ओळ उचलून सगळ्यात वर ठेवली.
आणि माझ्या दोन ओळींना सांगितलं,
तो आपला नंबर चिठ्ठीवर लिहील,
चिठ्ठी दिसेपर्यंत दाराशी थांबा.

तीन बावन्नला दाभ्याचा व्हॉल्व्ह हलला.
मी कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं
आणि तिथंच खुर्चीत बसून राहिले.

सात वाजता घरी.
बाबा अजून उठत होते.
इतवारीचं घर सोडून आठ महिने झाले,
तरी रोज पाय आधी उजवीकडे वळतात,
तिथं आता भिंत आहे.
मी रोज दारातूनच ओरडायची,
बाबा, न्हाणी डावीकडे!
आणि ते दचकायचे, भिंत धरायचे,
दिवसभर हात कापायचा.

आज चप्पल न काढता उंबऱ्यात थांबले.
त्यांनी चष्मा चाचपला.
डबी उघडली.
कानाचं मशीन बसवलं,
त्याची ती बारीक शिट्टी वाजली, मग विझली.

तेव्हा हाक मारली, हळूच.

वळून बघितलं त्यांनी.
आलीस? नळ आले का?
आले, म्हटलं, सहा चाळीसला.
आजपासून वेळ बदलली.
बरं, म्हणाले,
आणि डावीकडे वळले.